लहान मुलांना परिच्छेद लिहायला कसं शिकवावं: तोंडी सरावापासून स्वतंत्र लेखनापर्यंत

दुसरी-तिसरीतल्या मुलाला मांजरावर पाच ओळी लिहायला सांगितल्या की साधारण हे हाती येतं: 'आमच्याकडे एक मांजर आहे. त्याचा रंग पांढरा आहे. त्याला चार पाय आहेत. त्याला शेपटी आहे. मला ते खूप आवडतं.' वाक्यं पूर्ण आहेत, पूर्णविराम जागच्या जागी आहेत, तरीही हा परिच्छेद नाही. दुसरं वाक्य चौथ्याच्या जागी नेलं तर काही बिघडत नाही आणि एखादं गाळलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. ही वाक्यं हलवून बघण्याची चाचणी लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं काम एवढंच आहे की मुलाच्या प्रत्येक वाक्याला आधीच्या वाक्याची गरज वाटू लागावी.

हे वहीत लिहून घेऊन येत नाही. आधी तोंडी, मग कागदाच्या पट्ट्यांवर, मग सगळ्यांनी मिळून फळ्यावर आणि शेवटी वहीत, हा क्रम सोडला की मुलं नमुना पाठ करू लागतात.

आधी काय यायला हवं

मुलाला एक चित्र द्या आणि त्यावर तीन वाक्यं लिहायला सांगा. तीनपैकी दोन वाक्यं पूर्ण असली, शब्दांमध्ये अंतर असलं आणि लिहिलेलं त्याचं त्याला वाचता आलं, तर परिच्छेदाकडे वळायला हरकत नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालतील. वाक्यच अजून तुटक येत असेल, तर तोंडी आणि पट्ट्यांच्या पायऱ्या बाकीच्यांबरोबर करू द्या, वहीतलं काम मात्र थांबवा. अक्षर काढण्यातच ज्याची सगळी शक्ती खर्च होते, त्याच्याकडे पुढच्या वाक्याचा विचार करायला जागाच उरत नाही.

एका बैठकीला २० ते २५ मिनिटं पुरतात. आठवड्यातून चार छोट्या बैठका एका लांबलचक तासापेक्षा जास्त उपयोगी पडतात. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संशोधन संस्थेने २०१२ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज एक तास लेखनासाठी द्यावा, असं सुचवलं आहे. त्यातला साधारण अर्धा वेळ शिकवण्याचा आणि अर्धा मुलांनी लिहिण्याचा. एवढा वेळ निघाला नाही तरी हे निम्मं-निम्मं सांभाळा. बऱ्याच वर्गांत शिकवणं पाच मिनिटांत उरकतं आणि 'आता लिहा' म्हणून उरलेला तास जातो.

साहित्य फारसं लागत नाही. ए-फोर कागद उभा कापून ४ सेंटिमीटर रुंदीच्या पाच लांब पट्ट्या निघतात. प्रत्येक जोडीला सहा पट्ट्यांचा एक संच, तो ठेवायला एक पाकीट, आणि प्रत्येकाला एकरेघी वही.

पायरी १: विषय लहान करा

मुलं अडतात त्याचं सगळ्यात मोठं कारण विषय असतो. 'पाऊस' या विषयावर काय लिहायचं, हा प्रश्न मोठ्या माणसालाही पडेल. म्हणून मूल ढग, बेडूक, शेतकरी, छत्री असं प्रत्येकाला एकेक वाक्य वाटून टाकतं. 'पावसात माझे बूट भिजले तेव्हा' म्हटलं की सांगण्यासारखं काहीतरी लगेच सापडतं.

विषय बारीक करायला तीन प्रश्न पुरतात: कुठला? कधीचा? त्यातलं काय? 'मांजर' म्हटलं की 'कुठलं मांजर?' 'आमचं.' 'त्याचं काय सांगशील?' 'ते झोपतं.' 'कुठे?' इथे विषय मिळाला: आमचं मांजर कुठे कुठे झोपतं. हे प्रश्न पहिले काही दिवस सगळ्या वर्गासमोर मोठ्याने विचारा, नंतर मुलांना एकमेकांना विचारू द्या. एकदा फळ्यावर पाच मोठे विषय लिहून मुलांकडून ते फक्त लहान करून घ्या, लिहायचं काहीच नाही. ती बैठक वाया जात नाही.

चांगल्या विषयाची एक खूण आहे: त्यात मुलाला असं काहीतरी माहीत असतं जे तुम्हाला माहीत नाही. त्याच्या दप्तराचा खालचा कप्पा, खेळताना त्याने केलेला नियम, त्याचा दात पडला तो दिवस. 'प्रामाणिकपणा' किंवा 'वेळेचं महत्त्व' यांवर आठ वर्षांचं मूल फक्त ऐकलेलं परत बोलू शकतं.

पायरी २: आधी बोलून घ्या

डाव्या हाताची पाच बोटं वापरा. अंगठा म्हणजे मुख्य वाक्य, मधली तीन बोटं म्हणजे तीन तपशील, करंगळी म्हणजे शेवट. मूल एकेक बोट धरत पूर्ण वाक्यात सांगतं:

'आमचं मांजर झोपायला रोज नवी जागा शोधतं. सकाळी ते खिडकीतल्या उन्हात पसरतं. दुपारी ऊन सरकलं की ते कपाटावर चढतं. तिथून कुणी हाकललं तर ते थेट माझ्या दप्तरात शिरतं. मग मला पुस्तकं काढता येत नाहीत.'

जोडीदाराने ऐकून एकच प्रश्न विचारायचा, 'कसं?' किंवा 'का?'. मग सांगणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. दुसऱ्या वेळी तपशील नेमका होतो आणि वाक्यं आपोआप जोडली जातात, म्हणून दुसरी फेरी गाळू नका. दोन्ही फेऱ्या मिळून पाच मिनिटं लागतात. या वेळात भाषा सुधारू नका. मूल घरी जसं बोलतं तसं बोलू द्या. घरची भाषा वेगळी असेल तर पहिली फेरी त्या भाषेत झाली तरी चालेल.

पायरी ३: पट्ट्यांवर जुळवाजुळव

एका संचात पाच वाक्यं एका परिच्छेदाची आणि एक आगंतुक असू द्या. हा संच करून बघा:

'कुंडीत बी लावायला फार वेळ लागत नाही.'
'आधी कुंडीत माती भरून ती हाताने मोकळी करायची.'
'मग बोटाने एका पेराएवढा खड्डा करून त्यात वालाचं बी टाकायचं.'
'त्यावर माती लोटून थोडं पाणी घालायचं.'
'आता कोंब दिसेपर्यंत माती ओलसर ठेवायची.'
'मला लाल फुलं आवडतात.'

पहिल्या दिवशी फक्त क्रम लावायचा. आगंतुक पट्टी संचात नसावी. दुसऱ्या दिवशी ती घाला आणि शोधायला लावा. आगंतुक वाक्य विषयाच्या जवळपासचं असलं पाहिजे. 'माझ्या मामाकडे मोटार आहे' असं घातलं तर मुलं हसतात, पट्टी बाजूला काढतात आणि काहीच शिकत नाहीत. लाल फुलांची पट्टी काढताना मात्र वाद होतो: फुलं कुंडीतच येतात ना? मग सांगावं लागतं की इथे बी कसं लावायचं ते चाललंय, काय आवडतं ते नाही. तिसऱ्या दिवशी मधली एक पट्टी काढून घ्या आणि त्या जागी कोरी ठेवा. तिथे काय बसेल ते मुलांनी लिहायचं. एका वाक्याचं हे लेखन पूर्ण परिच्छेदाकडे नेतं.

प्रत्येक वेळी एक प्रश्न न चुकता विचारा: 'हे तुला कशावरून कळलं?' मुलं 'त्यावर', 'मग', 'आता' या शब्दांवर बोट ठेवू लागली की काम झालं. 'त्यावर म्हणजे कशावर?' 'बियावर.' म्हणजे हे वाक्य बी टाकण्याच्या आधी येऊच शकत नाही. मांजराच्या चार पायांच्या यादीत असा एकही शब्द नव्हता.

पायरी ४: मुलांसमोर लिहा

तयार परिच्छेद दाखवणं आणि मुलांसमोर तो लिहिणं यांत फार फरक आहे. तयार परिच्छेदात विचार दिसत नाही. म्हणून कोऱ्या फळ्यापासून सुरू करा आणि लिहिताना मोठ्याने बोला: 'माझा विषय आहे दात पडला तो दिवस. सकाळी उठल्यापासून सांगू का? नको, दात दुपारी पडला, तिथूनच सुरू करते.' एखादं वाक्य लिहून मुद्दाम खोडा आणि का खोडलं ते सांगा. आठ-दहा मिनिटांत चार-पाच वाक्यं झाली पाहिजेत. त्याहून लांबलं की मागची मुलं सुटतात.

पुढच्या दिवशी वाक्यं मुलांनी सांगायची आणि तुम्ही लिहायची. दोन सूचना आल्या तर दोन्ही लिहा आणि वर्गाला निवडू द्या. निवडीचं कारण मात्र विचारा.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. मुलं वहीत लिहायला बसण्याआधी फळा पुसा. 'बघू द्या, मदत होईल' म्हणून ठेवलेला नमुना तीस वह्यांमध्ये जसाच्या तसा उतरतो. कठीण शब्द तेवढे एका कोपऱ्यात ठेवावेत.

पायरी ५: वहीत

आधी आराखडा: तीन तपशिलांसाठी तीनच शब्द. खिडकी, कपाट, दप्तर. आराखड्यात मूल पूर्ण वाक्यं लिहू लागलं तर नंतर ते फक्त उतरवून काढतं, म्हणून एका तपशिलाला एक-दोन शब्दांची मर्यादा घाला.

मग मांडणी. पहिली ओळ दोन बोटं आत सरकवून सुरू करायची आणि पुढची वाक्यं त्याच ओळीवर सलग लिहायची. यादीची सवय असलेली मुलं प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर नेतात. ते रागावून सुटत नाही. आधीच्या पाच पट्ट्या एकापुढे एक चिकटवून एक लांब पट्टी करून दाखवा, लगेच समजतं. उलट काही मुलं प्रत्येक ओळीच्या टोकाला पूर्णविराम देतात, कारण त्यांच्या वाचनाच्या पहिल्या पुस्तकात प्रत्येक वाक्य एका ओळीत मावत होतं. त्यांना बोलून लिहायला लावा: श्वास जिथे थांबतो तिथे पूर्णविराम, ओळ जिथे संपते तिथे नाही. शब्द समासाजवळ मावत नसेल तर अख्खा शब्द खालच्या ओळीवर न्यायचा, अर्धा तोडायचा नाही.

पहिला खर्डा एक ओळ सोडून लिहा. नंतर वाक्य घुसवायला जागा लागते. ती नसली की मुलं सुधारणाच टाळतात.

लांबीची अपेक्षा दुसरीत तीन-चार वाक्यं, तिसरीत पाच-सहा, चौथीत सहा ते आठ अशी ठेवा. 'दहा ओळी लिहा' असं सांगितलं की मुलं अक्षर मोठं काढतात.

मुख्य वाक्याशी झगडा

यावर सगळ्यात जास्त वेळ जाईल आणि तो द्यावा. मुलांची मुख्य वाक्यं दोन प्रकारे फसतात. एक, 'मी आज तुम्हाला मांजराबद्दल सांगणार आहे', ज्यात काहीच सांगितलेलं नसतं. दुसरा, 'मांजर हा एक पाळीव प्राणी आहे', जे जगातल्या कुठल्याही मांजराला लागू पडतं.

कसोटी सोपी आहे: वाक्य ऐकून समोरच्याच्या तोंडून प्रश्न निघतो का? 'आमचं मांजर झोपायला रोज नवी जागा शोधतं' म्हटल्यावर कुणीही 'कुठे?' विचारेल. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे उरलेला परिच्छेद. सरावासाठी उलटं करा: तीन तपशील द्या आणि त्यांच्यावर बसेल असं वाक्य मुलांना सुचवू द्या. 'बूट डाव्या-उजव्याचे अदलाबदल झाले. डबा घरीच राहिला. शाळेत पोचलो तर सुट्टी होती.' यावर मुलांकडून मजेशीर वाक्यं येतात, आणि मुख्य वाक्य म्हणजे सगळ्या तपशिलांना सामावणारं वाक्य हे व्याख्या न देता कळतं.

मुख्य वाक्य पहिलंच असलं पाहिजे का? परिच्छेदाचे नियम स्कॉटिश प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली पद्धतशीर मांडले, तेव्हापासून मुख्य वाक्य सुरुवातीला ठेवायला शिकवलं जातं. पण १९७४ साली अमेरिकी संशोधक रिचर्ड ब्रॅडॉक यांनी व्यावसायिक लेखकांचे लेख तपासले, तर त्यांत मुख्य वाक्याने सुरू होणारे परिच्छेद फार थोडे निघाले. लहान मुलांसाठी ते पहिलं ठेवणं सोयीचं आहे, कारण त्यामुळे विषय हातातून निसटत नाही. मात्र एखाद्या मुलाने ते शेवटी आणलं आणि परिच्छेद हलवण्याच्या चाचणीला उतरला, तर त्यावर फुली मारू नका.

तपशील आणि जोडशब्द

'छान', 'मस्त', 'खूप' या शब्दांवर बंदी घालून काही होत नाही. मुलं 'सुंदर' लिहू लागतात. त्याऐवजी विचारा, 'डोळ्यांना काय दिसलं?' 'सहल खूप छान झाली' याचं 'उतारावर सगळे गवतावरून घसरत खाली आलो' असं होतं. तीनही तपशील एकच गोष्ट सांगत असतील ('ते गोड आहे, ते गोंडस आहे, ते लाडकं आहे') तर तीनपैकी एक ठेवून दोन नवे मागा.

जोडशब्द एकदम सगळे देऊ नका. आठवड्याला दोन-तीन पुरे. आधी 'आधी, मग, शेवटी'. ते रुळले की 'कारण' आणि 'म्हणून'. त्यानंतर 'पण' आणि 'तरी'. 'कारण' आणि 'म्हणून' यांची मुलं हमखास गल्लत करतात. दोन पट्ट्या घ्या, 'मैदान ओलं होतं' आणि 'आम्ही वर्गात खेळलो', आणि पट्ट्यांची जागा बदलून दोन्ही शब्द लावून बघा.

'मग'ची साखळी सगळ्यांच्या वहीत सापडेल: मग आम्ही गेलो, मग आम्ही बसलो, मग आम्ही आलो. सगळे 'मग' अधोरेखित करायला सांगा आणि एक सोडून एक खोडा. बहुतेक वाक्यं त्याशिवायही उभी राहतात. नावाचंही तसंच. प्रत्येक वाक्यात 'राजू' आला तर दुसऱ्यापासून 'तो' करा, पण परिच्छेदात राजू आणि सुनील दोघं असतील तर 'तो' म्हणजे कोण, हे विचारून बघा.

शेवटचं वाक्य दुसरीत सक्तीचं करू नका. केलंत, तर 'म्हणून मला माझं मांजर खूप आवडतं' हेच वर्षभर वाचाल. शेवट सुचत नसेल तर तिसऱ्या तपशिलावर थांबू द्या. तिसरी-चौथीत एक प्रश्न द्या: 'मग काय झालं?' दप्तरातल्या मांजरामुळे पुस्तकं काढता येत नाहीत, हा शेवट याच प्रश्नातून आला.

कुठला प्रकार आधी

कृतीचा परिच्छेद आधी घ्या (हात कसे धुवायचे, कागदी होडी कशी करायची), कारण त्यात क्रम वस्तूतच असतो आणि चुकला तर होडी होत नाही. मग एका जागेचं किंवा वस्तूचं वर्णन, मग मत आणि त्याची कारणं. घटना मुलांना सगळ्यात आवडते, पण ती शेवटी ठेवा. घटनेत मूल सकाळी उठून दात घासण्यापासून सुरू करतं आणि मुख्य प्रसंग येईपर्यंत पान संपतं. त्यावर उपाय म्हणजे फक्त दहा मिनिटांत घडलेलं लिहायला सांगणं.

अंदाजे आठ आठवड्यांचं गणित असं बसतं: पहिला आठवडा विषय आणि बोलणं, दुसरा पट्ट्या, तिसरा फळ्यावर एकत्र, चौथा-पाचवा वहीत पण वाक्यांच्या सुरुवाती देऊन, सहावा ते आठवा त्याशिवाय. दिलेल्या सुरुवाती एकदम काढू नका. चौथ्यात तीन दिल्या तर पाचव्यात एकच द्या. जास्त दिवस राहिल्या की मुलं रिकाम्या जागा भरल्यासारखं लिहितात.

तपासणी

खर्डा त्याच दिवशी सुधारायला लावू नका. दुसऱ्या दिवशी मुलाने तो मोठ्याने वाचायचा. गाळलेला शब्द डोळ्याला दिसत नाही पण जिभेला अडतो. मग एक वाक्य वाढवायचं आणि एक काढायचं, एवढंच. शुद्धलेखन त्यानंतर, कारण जे वाक्य उडणार आहे त्यातली वेलांटी सुधारण्यात अर्थ नाही.

तुमची टिप्पणी दोनच गोष्टींवर असू द्या: मजकुराबद्दल एक आणि लेखनाच्या नियमाबद्दल एक. 'कपाटावर ते कसं चढतं ते सांग' आणि 'दुसऱ्या वाक्याला पूर्णविराम हवा'. चुकलेल्या शब्दांपैकी आधी शिकवून झालेले दोन-तीनच निवडा. पानभर लाल खुणा पाहिल्या की मूल पुढच्या वेळी फक्त येणारे शब्द वापरून लिहितं, आणि वाक्यं 'आहे'वर येऊन थांबतात. 'केलं' लिहिलं की 'केले', यावर वाद नको. एका परिच्छेदात दोन्हींची सरमिसळ नसली म्हणजे पुरे.

अडणारी मुलं

'मला काही सुचत नाही' म्हणणाऱ्या मुलाचा विषय बहुधा अजून मोठा असतो, किंवा त्याला शब्द चुकण्याची भीती असते. विषय पुन्हा लहान करा. येत नसलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर लिहून पुढे एक रेघ ओढायची आणि पुढे जायचं, अशी मुभा द्या. हळू लिहिणाऱ्या मुलाची पहिली दोन वाक्यं तो सांगेल तशी तुम्ही लिहा, उरलेली त्याने लिहावीत. पुढच्या आठवड्यात तुमचं एकच वाक्य. भराभर लिहिणाऱ्यांना जास्त ओळी देऊ नका. त्यांना त्यांचाच परिच्छेद पट्ट्यांवर उतरवून, कापून, जोडीदाराकडून जुळवून घ्यायला सांगा. जोडीदाराचा क्रम वेगळा लागला तर कुठला जोडशब्द कमी पडला, ते त्यांचं त्यांनाच शोधावं लागतं.

दुसरा परिच्छेद कधी

लागोपाठ तीन परिच्छेद मदतीशिवाय हलवण्याच्या चाचणीला उतरले की दुसरा परिच्छेद सुरू करा. एकाच मोठ्या विषयाच्या दोन लहान विषयांवरच्या आठ पट्ट्या मिसळून द्या, उदाहरणार्थ मांजर कुठे झोपतं आणि ते काय खातं. आधी दोन ढीग, मग प्रत्येक ढिगाचा क्रम. वहीत लिहिताना जागा, वेळ किंवा विषय बदलला की नवी ओळ पुन्हा दोन बोटं आतून सुरू करायची. दुसऱ्या परिच्छेदात एकच वाक्य आलं, तर त्यासाठी आणखी दोन तपशील आहेत का ते मुलाला पुन्हा बोटांवर सांगायला लावा. असतील तर परिच्छेद वाढवावा, नसतील तर ते वाक्य पहिल्यात बसतं का ते पाहावं, आणि तिथेही बसत नसेल तर खोडावं.